नाव पोलिओचं, दुखणं कुणाचं?

मैत्रिणींनो, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला तो फोटो तुम्हाला आठवत असेल. दुसरं महायुद्ध संपत आलंय आणि याल्टा नावाच्या गावी तीन पुढारी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलेत. एका बाजूला चर्चिल, दुसऱ्या बाजूला स्टॅलिन आणि मधोमध खांद्यावर झगा टाकलेले, दमलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. या मधल्या माणसाला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं, हे आमच्या पुस्तकात कुठे नव्हतं. ऐन तारुण्यात पोलिओने त्यांचे दोन्ही पाय नेले होते. निदान जगाला तरी पोलिओ एवढंच माहीत होतं.

पण २००३ साली अमेरिकेतल्याच टेक्सास राज्यातल्या काही डॉक्टरांनी जुनी पत्रं, नोंदी पुन्हा चाळल्या आणि वेगळंच मत मांडलं. त्यांच्या मते रूझवेल्टना पोलिओ नव्हता, गुलेन बॅरे सिंड्रोम असण्याची शक्यता जास्त होती. हे नाव आता आपल्याला परकं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी भागात या आजाराचे इतके रुग्ण निघाले की जीबीएस ही तीन अक्षरं वर्तमानपत्रातून थेट आपल्या ओट्यापर्यंत आली. मला तेव्हापासूनच या माणसाबद्दल, आणि त्याच्याहून जास्त त्याच्या बायकोबद्दल, लिहायचं होतं.

फ्रँकलिनचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावचा. (घरात तो फ्रँकलिनच, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.) हडसन नदीकाठी मोठं घर, घोडे, नोकरचाकर, पिढीजात पैसा. आई सारा हिचा हा एकुलता एक. वडील १९०० साली गेले, तेव्हापासून आईचा जीव की प्राण तोच. मुलगा हार्वर्डला शिकायला गेला तर या माउलीने जवळच बॉस्टनमध्ये बिऱ्हाड केलं. म्हणजे सासू कशी असणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सून झाली एलिनॉर. लांबच्या नात्यातलीच, त्यामुळे माहेरचं आडनावही रूझवेल्टच. दहा वर्षांची व्हायच्या आत आई-वडील दोघंही गेलेले, आजीकडे वाढलेली, बुजरी, दिसण्यावरून बोलणी खाल्लेली मुलगी. १७ मार्च १९०५ ला लग्न लागलं तेव्हा कन्यादान केलं तिच्या काकांनी, आणि हे काका म्हणजे त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. पुढे सासूबाईंनी न्यूयॉर्कमध्ये जोडघर बांधलं. एक स्वतःला, एक मुलाला, आणि दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत दारं. सासू कुठल्या मजल्यावरून, कधी आत येईल याचा नेम नाही. सहा मुलं झाली, त्यातलं एक तान्हं असतानाच गेलं.

१९१८ मध्ये नवऱ्याच्या सामानात एलिनॉरला पत्रं सापडली, आणि ती होती तिच्याच मदतनीस बाईची, ल्यूसी मर्सरची. घटस्फोटाची भाषा झाली, सारानं मुलाला दम भरला, संसार टिकला. टिकला म्हणजे काय, ते ज्या बायकांनी भोगलंय त्यांना मी सांगायला नको. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण यानंतर तीनच वर्षांनी या बाईला त्याच नवऱ्याचं अंथरुणातलं सगळं करावं लागलं.

१९२० मध्ये फ्रँकलिन उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला आणि हरला. वय अडतीस, अंगाने उंचापुरा, हातात बराच काळ. १९२१ च्या ऑगस्टमध्ये कुटुंब कॅनडातल्या कँपोबेलो बेटावरच्या आपल्या उन्हाळी घरी होतं. १० तारखेला मुलांना घेऊन तो होडीने भटकला, वाटेत जंगलाला वणवा लागलेला दिसला तो विझवला, मग तळ्यात पोहला, समुद्राच्या गार पाण्यात डुंबला आणि घरी येऊन ओल्या पोहण्याच्या कपड्यांतच टपाल वाचत बसला. हुडहुडी भरली म्हणून न जेवता झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी उठला तर एक पाय साथ देईना. ताप चढला. संध्याकाळपर्यंत दुसरा पायही ढिला पडला. तिसऱ्या दिवशी उभं राहता येईना. दोन-तीन दिवसांत छातीखालचं सगळं अंगच आपलं राहिलं नाही. हातांचा जोर गेला, चेहऱ्याचे स्नायूही काही काळ लुळे पडले, लघवी अडली. पायांची कातडी मात्र इतकी हुळहुळी झाली की पांघरुणाचा स्पर्श सोसवेना. आपल्याकडे असं झालं की म्हणतात, पायातलं वारं गेलं.

बेटावर डॉक्टर कुठला? समोरच्या किनाऱ्यावरच्या गावातून एक आला, त्याने सर्दी-पडसं सांगितलं. मग आसपास सुट्टीला आलेले एक फार नामांकित सर्जन सापडले, विल्यम कीन, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी निदान केलं की मज्जारज्जूत रक्ताची गाठ झालीय, आणि उपाय सांगितला मालिश. बिल लावलं सहाशे डॉलरचं! म्हणून एलिनॉर आणि फ्रँकलिनचा राजकारणातला जिवलग सहकारी लुई हाव आळीपाळीने, दिवसरात्र, ते दुखरे पाय चोळत बसले. माणूस वेदनेने कळवळत होता आणि हे जीव तोडून चोळत होते. एलिनॉर त्याच्याच खोलीत कोचावर झोपायची. अंघोळ घालायची, कुशीवर वळवायची, लघवीची नळी घालायची. वय छत्तीस, पदरात पाच मुलं.

२५ ऑगस्टला बॉस्टनचे डॉक्टर रॉबर्ट लव्हेट आले. ते पोलिओतले मोठे जाणकार. त्यांनी तपासून सांगितलं, हा पोलिओ आहे, आणि मालिश आधी बंद करा. सप्टेंबरच्या मध्यावर फ्रँकलिनला स्ट्रेचरवरून होडीत, होडीतून रेल्वेच्या डब्यात खिडकीतून आत घेऊन न्यूयॉर्कच्या इस्पितळात नेलं. ऑक्टोबरअखेर घरी सोडलं तेव्हा कागदावर सुधारणा नाही अशीच नोंद होती.

आता लव्हेट यांना पोलिओच का दिसला? त्याचं कारण पाच वर्षं मागे आहे. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पोलिओची भयंकर साथ आली होती. एका शहरात दोन हजारांवर बळी, बहुतेक लहान लेकरं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ती साथ ताजी होती. ताप आला, पाय गेले, की पोलिओ. आणि नेमक्या त्याच १९१६ साली, तिकडे फ्रान्समध्ये पहिलं महायुद्ध चालू असताना, लष्कराच्या इस्पितळातल्या तीन डॉक्टरांनी दोन सैनिकांबद्दल एक छोटा लेख लिहिला. जॉर्ज गियँ, जाँ अलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल. (पहिल्या दोघांच्या नावांचं आपल्याकडे गुलेन आणि बॅरे झालं. तिसऱ्याचं नाव तर आजारातून गळूनच गेलं.) या सैनिकांचेही हातपाय दोन्ही बाजूंनी सारखेच लुळे पडले होते, मुंग्या येत होत्या. त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं तर त्यात प्रथिनं वाढलेली, पण जंतूंशी लढणाऱ्या पेशी मात्र जवळपास नाहीतच. जंतूने तिथे शिरकाव केला असता तर पेशींची गर्दी झाली असती. म्हणजे भानगड दुसरीच होती. हा लेख पाच वर्षांनी कँपोबेलो बेटावर कुणाच्या मनात येण्याची शक्यता फारच थोडी.

मैत्रिणींनो, आता जरा शरीराच्या आत जाऊ. कंटाळू नका, आपल्या घरच्या भाषेत सांगते.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. क्वचित एखाद्याच्या मज्जारज्जूपर्यंत तो पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींनाच मारतो. त्यातल्या कुठल्या मरतील याचा नेम नाही, म्हणून पोलिओत एक पाय काडी होतो आणि दुसरा धड राहतो. स्पर्श कळण्याची यंत्रणा वेगळी, तिला सहसा धक्का लागत नाही. म्हणजे पाय हलत नाही, पण चिमटा काढला तर कळतो.

जीबीएसमध्ये बाहेरचा चोर आलेला असतो, पण घर फोडतो तो नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खातं, तसा हा प्रकार. होतं काय, की पोट बिघडतं किंवा सर्दी-ताप येतो. शरीर त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. प्रतिपिंड म्हणजे एक खूण ओळखून तिलाच जाऊन चिकटणारं प्रथिन. आता आपल्या नसांच्या पृष्ठभागावर गँग्लिओसाइड नावाचे कण असतात, चरबीच्या बुडख्यावर साखरेच्या रेणूंची माळ लावल्यासारखे. आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाब करणारा एक जंतू आहे, कच्च्या-अर्धकच्च्या चिकनमधून किंवा घाण पाण्यातून येणारा. त्याच्या काही जातींच्या अंगावरही साखरेची अगदी तशीच माळ असते. एका गल्लीत एकाच नावाची दोन माणसं असली की पोस्टमन एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकतो, तसं ही प्रतिपिंडं जंतू संपल्यावर आपल्याच नसांना जाऊन चिकटतात.

नुसती चिकटून थांबली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण प्रतिपिंड चिकटलं की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं तिथे गोळा होतात आणि नसेच्या आवरणाला बारीक भोकं पाडतात. मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई कामगार पेशी, कचरा समजून आवरण खरवडायला लागतात. आपल्या नसा विजेच्या वायरीसारख्या आहेत, आत तार आणि वर मायलिनचं वेष्टण. पण हे वेष्टण सलग नसतं, मध्ये मध्ये फटी असतात आणि संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो. हल्ला बऱ्याचदा या फटींपाशीच होतो. संदेश तिथेच अडतो. मेंदू म्हणतो चाल, पाय म्हणतो मला कुणी काही सांगितलंच नाही. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि दुखणं वर चढत जातं. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलं तर जीवाशी खेळ.

यात दोन प्रकार पडतात, आणि रोग्याचं पुढचं बरंचसं नशीब त्यावर ठरतं. नुसतं वेष्टण सोललं गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा चढतं आणि माणूस चालायला लागतो. पण आतली तारच तुटली तर ती पुन्हा वाढते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा आणि हिशोब करा. आजही सुमारे वीस टक्के रुग्णांना सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. काहींना कधीच येत नाही.

हे सारं कळायला फार वर्षं लागली. १९९० मध्ये जपानच्या नोबुहिरो युकी यांनी कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबानंतर जीबीएस झालेल्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं दाखवली. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सशांना त्या जंतूच्या आवरणातला अंश टोचला, तर सशांच्या रक्तात तीच प्रतिपिंडं तयार झाली आणि त्यांचे पाय लुळे पडले. मुक्या जीवांचं वाईट वाटतं, पण नावाच्या सारखेपणाने घात होतो हे तिथे पक्कं झालं.

आता फ्रँकलिनकडे परत येऊ. टेक्सासच्या डॉक्टरांनी काय पाहिलं? वय एकोणचाळीस, पोलिओसाठी जास्तच. दोन्ही बाजू सारख्या गेल्या. खालून वर चढत गेलं आणि उतरताना वरून खाली, आधी चेहरा, मग हात सुधारले. लघवी आणि शौचाचा त्रास. कातडीची हुळहुळ आणि बधिरपणा. त्यांनी लक्षणांचा एकेक हिशोब मांडला, तर आठांपैकी सहा लक्षणं जीबीएसकडे झुकली. पण सुरुवातीलाच आलेला ताप पोलिओच्या बाजूचा, आणि पाय कायमचे गेले तेही. २०१६ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी टेक्सासवाल्यांना खोडून काढत पोलिओच खरा असं लिहिलं. कण्यातलं पाणी तेव्हा तपासलं गेलं होतं की नाही, इथपासून त्यांच्यात वाद आहे. मला विचाराल तर लक्षणांची ती यादी वाचून माझं मन जीबीएसकडे जातं. पण मी डॉक्टर नाही आणि ज्याचे पाय गेले तो माणूसही आता नाही.

आणि खरी गोष्ट अशी की १९२१ मध्ये नाव काहीही दिलं असतं तरी फ्रँकलिनच्या पायांना फरक पडला नसता. दोन्ही दुखण्यांवर तेव्हा औषध नव्हतं. फरक पडला तो घरात आणि जगात.

घरात सासूबाईंनी निर्णय जाहीर केला. मुलाने हाइड पार्कला यावं, शाल पांघरून नदी बघत बसावं, तिकिटं आणि पुस्तकं जमवावीत. घरचं भरपूर आहे, नोकर आहेत, कशाला धडपड? आईच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण असली माया माणसाला जिवंतपणी फोटोच्या चौकटीत बसवते. एलिनॉरने आयुष्यात पहिल्यांदा सासूला ठाम नकार दिला. लुई हाव तिच्या बाजूने होता, आणि त्याचं बिऱ्हाड त्याच घरात होतं. मुलांच्या खोल्यांची अदलाबदल, सासूची नाराजी, अंथरुणावरचा नवरा, असा तो १९२१-२२ चा हिवाळा गेला. नवऱ्याचं नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून ही बुजरी बाई पक्षाच्या महिला शाखेत जायला लागली. भाषण करताना घाबरून उगाच हसायची, ते हसू लुई हावने सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून बसून घालवलं. ती मोटार चालवायला शिकली. एका आजारातून घरातली दोन माणसं नव्याने घडत होती, आणि त्यातली बाई नवऱ्यासाठी बाहेर पडली खरी, पण पुढे नवऱ्यापुरती राहिली नाही. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, तो तयार करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा याच एलिनॉर रूझवेल्ट.

फ्रँकलिन पोलादी कॅलिपर बांधायला शिकला. पाच किलोच्या आसपास वजन पायांवर घेऊन, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड घट्ट पकडून, कमरेतून पाय पुढे झोकत तो चालल्यासारखं करायचा. घरात मात्र साध्या खुर्चीला चाकं लावून घेतली होती, ती दारातून जायला सोपी. १९२४ मध्ये तो जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज गावी गेला. तिथलं झऱ्याचं पाणी बारा महिने कोमट, साधारण ३१ अंश. पाण्यात शरीर हलकं होतं, मेलेला पायही थोडा हलल्यासारखा वाटतो. १९२६ मध्ये त्याने आपली मोठी पुंजी घालून ती जागाच विकत घेतली आणि पाय गेलेल्या रुग्णांसाठी केंद्र काढलं. स्वतः पाण्यात उतरून इतरांना व्यायाम शिकवायचा, रोगी त्याला गमतीने डॉक्टर रूझवेल्ट म्हणायचे. मात्र तिथे फक्त गोऱ्यांनाच प्रवेश होता, हेही लिहिलं पाहिजे. काळ्या मुलांसाठी टस्कीगीला वेगळं केंद्र निघायला १९४१ उजाडलं.

पुढचा इतिहास पुस्तकात आहेच. १९२८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर, १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष, आणि त्यापुढे सलग तीन निवडणुका. पाय अधू आहेत हे लोकांना माहीत होतं, पण किती अधू, हे कळू दिलं जात नव्हतं. चाकाच्या खुर्चीतले त्यांचे फोटो म्हणूनच मोजके आहेत.

१९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध राष्ट्रीय संस्था काढली. लोकांनी दहा सेंटचं नाणं, म्हणजे एक डाइम, व्हाइट हाउसला टपालाने पाठवावं असं आवाहन झालं. लाखो पाकिटं आली, टपाल खात्याला आवरेना. पुढे हे पैसे गोळा करण्याचं काम गल्लीगल्लीतल्या आयांनी डोक्यावर घेतलं. याच नाण्यांवर जोनास साल्क यांचं संशोधन झालं, आणि आल्बर्ट सेबिन यांचंही. सेबिन यांची लस तोंडावाटे द्यायची. १९९५ पासून आपण रविवारी लेकरांना कडेवर घेऊन अंगणवाडीत, झेडपीच्या शाळेत, एसटी स्टँडवर जे दोन थेंब पाजून आणत होतो, ते त्यांच्याच पद्धतीचे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता विचार करा. या माणसाला खरंच पोलिओ नसेल, तर एका चुकीच्या निदानाच्या पोटी ही लस आली. १९२१ मध्ये डॉक्टरांनी फ्रेंच नाव घेतलं असतं, तर त्या दुर्मीळ दुखण्यासाठी कुणी नाणी जमवली असती का, मला शंकाच आहे. लाखात एखाद-दोघांनाच वर्षाला होणारा आजार तो.

त्या आजाराला औषध मिळालं ते पुष्कळ उशिरा. १९८५ मध्ये सिद्ध झालं की रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, काढून बदलला तर त्याबरोबर ती दगाबाज प्रतिपिंडंही जातात आणि माणूस लवकर सुधारतो. १९९२ मध्ये दुसरा उपाय पुढे आला, आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातली चांगली प्रतिपिंडं एकत्र करून ती शिरेतून देतात, बहुधा पाच दिवस. खर्च लाखांत जातो. आणि दोन्ही उपाय पहिल्या दोन आठवड्यांत केले तर जास्त उपयोगी. स्टिरॉइडची गोळी, जी बऱ्याच ठिकाणी पटकन हातात ठेवतात, तिचा या आजारात उपयोग होत नाही. याचाच एक हळू वाढणारा भाऊ आहे, सीआयडीपी नावाचा, महिनोन् महिने चालणारा. त्यात मात्र स्टिरॉइड चालतं. म्हणून नेमकं नाव कळायला मेंदू आणि नसांचे डॉक्टरच लागतात.

फ्रँकलिनच्या वेळी नावाने काही बिघडत नव्हतं, आता नावातच सगळं आहे. माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत, तालुक्याच्या गावच्या. जुलाब होऊन गेले, आठ-दहा दिवसांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. अशक्तपणा म्हणून चार दिवस ताकदीची इंजेक्शनं झाली, सासरच्यांनी तिळाच्या तेलाने चोळूनही दिलं. पाचव्या दिवशी मोरीतून उठता येईना तेव्हा जिल्ह्याला नेलं. त्या वाचल्या, पण वर्षभर वॉकर घेऊन चालत होत्या. ते चार दिवस त्यांना अजून खुपतात.

म्हणून काय बघायचं ते सांगते. दोन्ही पायांना एकदमच मुंग्या, दिवसागणिक वाढणाऱ्या. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. उकिडवं बसलं की हात टेकल्याशिवाय उठवत नाही. वेणी घालायला हात वर जात नाहीत. पाणी पिताना ठसका लागतो, आवाज नाकातून येतो, डोळा नीट मिटत नाही, एका दमात दहापर्यंत आकडे म्हणता येत नाहीत. या शेवटच्या गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही, व्हेंटिलेटर असलेलं इस्पितळ गाठायचं. आणि लहान मुलाचे पाय अचानक लुळे पडले तर सरकारी दवाखान्यात कळवायचं. भारतात पोलिओ नसला तरी पंधरा वर्षांखालच्या अशा प्रत्येक मुलाची शौचतपासणी होते, आणि त्यातून निघणाऱ्या आजारांत जीबीएस बराच असतो.

पुण्याच्या त्या साथीत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींच्या तपासणीत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला, आणि पाण्याकडे बोट गेलं. हा जंतू उकळत्या पाण्यात टिकत नाही, चिकन आतपर्यंत शिजलं की मरतो. कच्च्या चिकनच्या पाटावर त्याच सुरीने कोशिंबिरीची काकडी चिरायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. जुलाब झालेल्या हजार-दोन हजारांत एखाद्यालाच पुढे जीबीएस होतो, तेव्हा प्रत्येक जुलाबाला घाबरायचंही कारण नाही.

१ मार्च १९४५ ला याल्टाहून परतलेल्या रूझवेल्टनी अमेरिकेच्या संसदेत बसून भाषण केलं आणि बसल्याबद्दल माफी मागताना पायांवरच्या पोलादाच्या वजनाचा पहिल्यांदाच उघड उल्लेख केला. सहा आठवड्यांनी, १२ एप्रिलला, वॉर्म स्प्रिंग्जच्या त्याच झऱ्याच्या गावी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. ते कोसळले तेव्हा जवळ ल्यूसी होती. एलिनॉरला निरोप वॉशिंग्टनमध्ये मिळाला, आणि ल्यूसीचं तिथे असणंही तिला गेल्यावरच कळलं. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, दहा सेंटच्या नाण्यावर रूझवेल्ट यांचा चेहरा आला. आणि १९५५ साली साल्क यांची लस यशस्वी झाल्याचं जाहीर झालं, तोही दिवस १२ एप्रिलचाच होता.